पोस्ट कार्ड एकाच आकड्यावर अडकतं किंवा भलताच कोड दाखवतं: मदरबोर्डला दोष देण्याआधी काय तपासायचं

संगणक सुरू होताना स्वतःची जी तपासणी करतो तिला पोस्ट (पॉवर ऑन सेल्फ टेस्ट) म्हणतात. पडद्यावर काहीही दिसायच्या आधीपासून बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) प्रत्येक टप्प्याला एक बाइटचा आकडा पोर्ट ८० वर लिहीत जातो. स्लॉटमध्ये बसवलेल्या पोस्ट कार्डाने तो पकडायचा आणि सेव्हन सेगमेंट डिस्प्लेच्या दोन घरांत दाखवायचा, एवढंच त्याचं काम. १९८४ च्या आयबीएम एटीपासून ही सोय चालत आली आहे. डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी आणि उपकरणं यांच्यात डेटा नेणाऱ्या सोयीच्या) पेज रजिस्टरांमध्ये एक जागा रिकामी होती, ती यासाठी वापरली गेली. काम सोपं वाटतं म्हणून बरेच जण हे कार्ड स्वतः डिझाइन करतात, आणि अशा कार्डांत ठराविक पाच-सहा दोषच पुन्हा पुन्हा निघतात. वाईट असं की दोष कार्डात असतो आणि चांगला मदरबोर्ड 'मेला' म्हणून बाजूला पडतो.

म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या कार्डाच्या आहेत. ज्यांना खर्च नाही त्या आधी, ज्यांना ऑसिलोस्कोप किंवा लॉजिक ॲनालायझर लागतो त्या शेवटी. पोर्टचे क्रमांक आणि कोड सगळीकडे हेक्समध्ये आहेत.

लक्षणं

- डिस्प्लेवर सतत एफएफ.
- सतत ००, रीसेट दाबलं तरी ००.
- एक किंवा दोन्ही घरं कोरी, किंवा आकड्याऐवजी विचित्र आकार.
- कोड हलतात, पण त्या बायोसच्या यादीत ते सापडतच नाहीत.
- एका बोर्डवर कार्ड बरोबर चालतं, दुसऱ्यावर चुकतं.
- कोड मध्येच थिजतो, संगणक मात्र पूर्ण सुरू होतो.
- फ्लॉपी किंवा साउंड कार्ड चालू झालं की आकडा बदलतो.
- हात जवळ नेला की आकडा बदलतो.

ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावर आकडे भिरभिरत राहणं हे लक्षण या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. लिनक्सचा कर्नल जुन्या हार्डवेअरशी बोलताना क्षणभर थांबण्यासाठी पोर्ट ८० वरच लिहितो. बूट करताना आयओ_डिले या पर्यायाने ते पोर्ट बदलता किंवा बंद करता येतं. बायोसने ताबा सोडल्यानंतरच्या आकड्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

कार्ड योग्य पोर्ट ऐकतंय का

याला शून्य खर्च, फक्त माहिती लागते. पोर्ट ८० सर्रास वापरलं जातं, पण सगळीकडे नाही. कॉम्पॅकच्या जुन्या संगणकांनी ८४ वापरलं, आयबीएमच्या पीएस/२ मालिकेत ९० आणि १९० होतं, काही ईआयएसए (जुन्या आयसा बसची वाढवलेली आवृत्ती) बोर्डांनी ३०० निवडलं. अशा बोर्डात ८० साठी बनवलेलं कार्ड गप्प बसणार आणि ते त्याचं बरोबरच आहे. डिझाइन करतानाच पोर्ट निवडण्यासाठी डिप स्विच ठेवला की ८४ आणि ९० पुरता हा प्रश्न कायमचा मिटतो; १९० आणि ३०० साठी ॲड्रेस लाइन ए८ आणि ए९ ही तशाच जुळवाव्या लागतात. कम्पॅरेटरच्या (पोर्टचा क्रमांक जुळतो का ते पाहणाऱ्या चिपच्या) दुसऱ्या बाजूच्या आठ पिना ताराने बांधून टाकण्याऐवजी स्विच आणि १० किलोओहमचे पुल-अप लावायचे, इतकाच फरक.

उलटं कार्ड आणि मळलेले संपर्क

पीसीआय स्लॉटमध्ये खाच असते, त्यामुळे फक्त पीसीआयसाठी बनवलेलं कार्ड सहसा उलटं बसत नाही. पीसीआयच्या आधीच्या आयसा बसच्या आठ बिटी कार्डाला मात्र मागची पट्टी नसेल तर ते १८० अंशात फिरवूनही आरामात बसतं. तसं झालं की स्लॉटची बी९ पिन, म्हणजे +१२ व्होल्ट, कार्डाच्या ए२३ वर येते, आणि तिथे ॲड्रेस लाइन ए८ आहे. ५ व्होल्टच्या चिपच्या इनपुटवर १२ व्होल्ट. बी७ वरचे −१२ व्होल्ट तसेच ॲड्रेस लाइन ए६ वर येतात. कार्ड एकदा उलटं बसवून वीज दिली असेल तर पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. ॲड्रेसच्या बाजूची चिप थेट बदला. ती अर्धवट जगली असेल तर आणखी गोंधळ घालते. कार्डावर बाण आणि 'मागची बाजू' असं ठळक छापायला काहीच लागत नाही, पण ते छापलेलं कार्ड अनेक वर्षं टिकतं.

संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि सुती कापडाने पुसा. कडक खोडरबर नको, त्याने पातळ सोन्याचा थर निघतो आणि खालचं निकेल उघडं पडतं. मग कार्ड पूर्ण खाली बसलंय का ते दोन्ही टोकांना पाहा. एकच टोक वर राहिलं तर त्या बाजूच्या ॲड्रेस किंवा डेटा लाइन सुटतात आणि डिस्प्ले मात्र झकास पेटलेला दिसतो.

व्होल्टेज

मल्टिमीटरचा काळा प्रोब कार्डाच्या ग्राउंडला, लाल प्रोब थेट चिपच्या पुरवठ्याच्या पिनवर. स्लॉटवर मोजू नका, कारण स्लॉट ते चिप या वाटेतच पातळ ट्रॅक असतो. ५ व्होल्टसाठी ४.७५ ते ५.२५, ३.३ साठी ३.१४ ते ३.४६, १२ साठी ११.४ ते १२.६ ही मर्यादा. −१२ मध्ये १० टक्के इकडेतिकडे चालतं. नवीन पॉवर सप्लायमध्ये −५ व्होल्ट नसतोच, त्यामुळे कार्डावर त्याचा एलईडी असेल तर तो विझलेला राहणं हा दोष नाही.

दोन घरांचा डिस्प्ले किती वीज खातो याचा हिशेब फार थोडे जण करतात. ५ व्होल्ट, लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्टची घट, ३३० ओहमचा रेझिस्टर: म्हणजे प्रत्येक खंडाला (सेगमेंटला) ९ मिलिअँपिअर. ८८ दिसताना १४ खंड पेटतात, एकूण जवळपास १२७ मिलिअँपिअर. कोड बदलताना हे सगळे एकदम पेटतात-विझतात, आणि ग्राउंडचा ट्रॅक बारीक असेल तर त्या क्षणी चिपचं ग्राउंड उचकतं. लॅचला (आकडा पकडून ठेवणाऱ्या चिपला) तो नवीन क्लॉक वाटतो आणि चुकीचा आकडा आत जातो. मोठ्या उडीनंतर, म्हणजे ०१ वरून लगेच ८८ सारख्या कोडवर, चूक होत असेल तर संशय इथेच घ्या. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक चिपच्या अगदी शेजारी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, कार्डावर वीज येते तिथे ४७ मायक्रोफॅरडचा एक, डिस्प्लेचं ग्राउंड वेगळ्या जाड ट्रॅकने थेट स्लॉटपर्यंत, आणि रेझिस्टर ३३० ऐवजी ६८० ओहम. आजचे डिस्प्ले ४-५ मिलिअँपिअरमध्ये पुरेसे उजळ दिसतात.

डिस्प्ले आकडा नीट वाचतोय का

कोरी घरं आणि विचित्र आकार यांचं कारण बहुतेक वेळा डिकोडर चिप (बिटांवरून कोणते खंड पेटवायचे ते ठरवणारी) असते. ७४४७ ही दशमानासाठी बनलेली आहे. ० ते ९ बरोबर दाखवते, १० ते १४ साठी अर्थहीन आकार काढते आणि १५ ला घर कोरं ठेवते. म्हणजे बोर्डाने एफएफ लिहिलं तर दोन्ही घरं विझलेली, आणि तुम्हाला वाटणार वीजच नाही. ४५११ तर ९ च्या वरचं सगळंच कोरं ठेवते. शिवाय ७४४७ मधला ६ डोक्यावरच्या आडव्या रेघेशिवाय येतो, म्हणजे हुबेहूब लहान बी.

हेक्ससाठी प्रत्येक घराला एक गॅल १६व्ही८ (प्रोग्राम करता येणारी लॉजिक चिप) पुरते: चार इनपुट, सात आउटपुट, आणि तिच्या पिना २४ मिलिअँपिअरपर्यंत वीज ओढू शकतात, त्यामुळे कॉमन ॲनोड डिस्प्ले थेट चालतो. ९३६८ ही तयार हेक्स डिकोडर चिपही मिळाली तर चालते. आकार ठरवताना ६ ला डोकं द्या, बी ला देऊ नका. डी लहान लिपीत काढा, नाहीतर तो शून्यात मिसळतो. रात्री उशिरा, वाकून पाहताना हा फरक खूप कामाचा असतो.

खरी चाचणी: आपणच आकडा लिहून पाहणं

ही एकच तपासणी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगते, म्हणून ती टाळू नका. नीट चालणारा, आयसा स्लॉट असलेला कोणताही संगणक घ्या, त्यात ग्राफिक्स कार्ड आणि हे पोस्ट कार्ड यांशिवाय दुसरं कार्ड ठेवू नका आणि डॉस किंवा फ्रीडॉस सुरू करा. डीबग प्रोग्राम उघडून ओ हे अक्षर, मग ८०, मग ५५ असं टाइप करून एंटर दाबा. डिस्प्लेवर ५५ यायला हवं. मग एए. मग एकेक बिट: ०१, ०२, ०४, ०८, १०, २०, ४०, ८०. आलेले आकडे कागदावर समोरासमोर लिहा.

लिहिलं ०१ आणि दिसलं ८०, तर डेटा लाइन उलट्या जोडल्या आहेत. ही चूक अगदी सहज होते, कारण आयसावर ए२ पिन म्हणजे डी७ आणि ए९ पिन म्हणजे डी०. पिनचा क्रमांक वाढतो तसा बिटचा उतरतो.

लिहिलं ०१ आणि दिसलं १०, तर दोन घरं आपसात बदलली आहेत.

०४ आणि ०८ दोन्हींना ०सी दिसत असेल तर त्या दोन लाइनींमध्ये सोल्डरचा पूल आहे. भिंगाखाली पाहा, मग बंद स्थितीत मल्टिमीटरच्या बीपने खात्री करा.

एखादा बिट कायम १ असेल तर त्या लाइनचा सोल्डरचा डाग सुटलेला असू शकतो. जुन्या टीटीएल कुळातली चिप उघडं इनपुट १ म्हणूनच वाचते. सीमॉस कुळातल्या चिपमध्ये (७४एचसी, ७४एचसीटी) तेच इनपुट हवेत तरंगतं, आणि हात जवळ नेल्यावर आकडा बदलण्यामागे हेच असतं.

काहीच बदललं नाही तर गडबड डेटात नाही, ॲड्रेस किंवा क्लॉकमध्ये आहे. पुढे चला.

एक सावधगिरी: डीबगमधून आजूबाजूच्या पोर्टांवर सहज म्हणून लिहू नका. पोर्ट ९२ चा सर्वांत खालचा बिट १ केला की बऱ्याच बोर्डांवर संगणक तिथल्या तिथे रीसेट होतो.

ॲड्रेस पूर्ण ओळखला जातोय का

आयसासाठी सगळ्यात साधं आणि नीट चालणारं डिझाइन तीन चिपांत बसतं. ७४एचसीटी६८८ कम्पॅरेटरला ॲड्रेस लाइन ए० ते ए७. ७४एचसीटी४०७५ मधल्या एका तीन-इनपुटी ऑर गेटला ए८, ए९ आणि एईएन (डीएमए चालू असताना वर जाणारा सिग्नल); त्याचं आउटपुट ६८८ च्या इनेबलला. दुसऱ्या ऑर गेटला ६८८ चं आउटपुट आणि आयओडब्ल्यू (पोर्टवर लिहिण्याचा सिग्नल), तिसरं इनपुट ग्राउंडला. या दुसऱ्या गेटचं आउटपुट ७४एचसीटी५७४ लॅचचं क्लॉक. पोर्ट जुळलं आणि लिहिण्याचा सिग्नल खाली गेला की क्लॉक खाली जातं, लिहिणं संपताना ते वर चढतं, आणि त्याच क्षणी डेटा पकडला जातो.

चिप वाचवण्यासाठी लोक इथेच काटछाट करतात. ए८ आणि ए९ सोडले की १८०, २८० आणि ३८० वर लिहिलेलंही डिस्प्लेवर येतं. ए० सोडला तर ८१ येतं, आणि ८१ हे फ्लॉपीच्या डीएमए चॅनेलचं पेज रजिस्टर आहे; प्रत्येक फ्लॉपी वाचनाआधी आणि लेखनाआधी त्यावर काहीतरी लिहिलं जातं.

एईएन सोडणं ही सगळ्यात फसवी चूक. डीएमए चालू असताना ॲड्रेस लाइनींवर मेमरीचा पत्ता असतो, पोर्टचा नव्हे, आणि तरीही मेमरीतून उपकरणाकडे डेटा जाताना आयओडब्ल्यू खाली जातो. त्या वेळी एईएन वर असतो, इतकाच काय तो इशारा. तो पाहिला नाही तर दर १ केबीला एकदा खालचे दहा बिट ०८० होतात आणि कार्ड तो बाइट कोड समजून पकडतं. ओळखायची खूण अशी: फ्लॉपी वाचताना आणि लिहिताना दोन्ही वेळा आकडा बदलला तर ए० पाहा; फक्त लिहिताना किंवा आवाज वाजताना बदलला तर एईएन पाहा. वाचताना आयओडब्ल्यूऐवजी आयओआर (पोर्टवरून वाचण्याचा सिग्नल) वापरला जातो, म्हणून हा फरक पडतो.

ए१० ते ए१५ न पाहिल्याने ४८०, ८८०, सी८० अशी पोर्टंही ८० सारखी दिसतात. साध्या बोर्डांवर याने अडत नाही. ईआयएसए बोर्डांवर अडू शकतं, तिथे कार्ड वापरायचं असेल तर आणखी एक कम्पॅरेटर लावा.

सतत एफएफ: लॅच उशिरा किंवा लवकर बंद होणं

बसवर कोणी बोलत नसताना पुल-अपमुळे डेटा लाइन वरच असतात, म्हणजे एफएफ. त्यामुळे कार्डावरचा एफएफ पुष्कळदा इतकंच सांगतो की चुकीच्या क्षणी पकडलं.

दोन कारणं. क्लॉकची दिशा उलटी असेल तर लिहिण्याच्या सुरुवातीलाच डेटा पकडला जातो, तेव्हा तो स्थिर झालेला असेलच असं नाही. किंवा आयओडब्ल्यू वर गेल्यापासून लॅचच्या क्लॉकपर्यंतची वाट फार लांब असते. लिहिणं संपल्यावर डेटा टिकण्याचा भरवसा जेमतेम वीस-तीस नॅनोसेकंदांचा. वर सांगितल्याप्रमाणे आयओडब्ल्यू शेवटच्या एका गेटमधूनच गेला तर साधारण दहा-पंधरा नॅनोसेकंदांत काम होतं. तोच आयओडब्ल्यू सोयीसाठी ६८८ च्या इनेबलला दिला तर कम्पॅरेटरचा विलंबही त्यात मिळतो, आणि मग एका बोर्डवर चालणारं कार्ड दुसऱ्यावर एफएफ दाखवतं. सर्किट कागदावर अगदी बरोबर दिसतं, म्हणून हा दोष शोधायला लोकांचे दिवस जातात. क्लॉकची वाट सर्वांत आखूड ठेवा. ॲड्रेसची ओळख निवांत आधी होऊ द्या.

इथे लॉजिक ॲनालायझर उपयोगी पडतो. आयसाचं क्लॉक ८ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि आठ बिटी लिहिण्याचा पल्स साधारण अर्धा मायक्रोसेकंद, त्यामुळे २४ मेगासॅम्पलचा साधा यूएसबी ॲनालायझरही पल्स दाखवतो. मात्र त्याचे दोन नमुने ४२ नॅनोसेकंदांच्या अंतराने असतात, तेव्हा वरचा विलंब त्यात दिसणार नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोपच हवा.

एचसी आणि एचसीटी

'एका बोर्डवर चालतं, दुसऱ्यावर नाही' याचं दुसरं नेहमीचं कारण एका अक्षराचं आहे. आयसा बस टीटीएल पातळीवर बोलते, २.४ व्होल्ट तिथे वैध १ आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसी चिपला १ साठी ३.५ व्होल्ट लागतात, ७४एचसीटीला २ पुरतात. काही बोर्ड ४ व्होल्टच्या वर ढकलतात, तिथे एचसी चालून जातं. काही जेमतेम ३ देतात, तिथे अधूनमधून चुकतं. बसला थेट जोडलेली प्रत्येक चिप एचसीटी घ्या. लॅचच्या पलीकडे एचसी चालेल.

कार्डाला 'काहीच आलं नाही' असं म्हणता यायला हवं

सतत ०० दाखवणाऱ्या कार्डाची खरी अडचण ही, की बोर्डाने ०० लिहिलं की काहीच लिहिलं नाही हे त्यावरून कळत नाही. रीसेटला शून्य होणारा ७४एचसीटी२७३ वापरला असेल तर दोन्ही सारखेच दिसतात. ५७४ ला तर रीसेटच नाही. वीज आल्यावर त्यात काहीही असू शकतं.

अर्धी ७४एचसीटी७४ यावर पुरेशी आहे. डी इनपुट ५ व्होल्टला, क्लॉक लॅचच्याच क्लॉकला, क्लिअरला उलटवलेला रीसेट, आणि आउटपुट एका ट्रान्झिस्टरमार्फत डिस्प्लेच्या दशांश बिंदूला. रीसेटनंतर पहिला कोड आला की बिंदू पेटतो. बिंदू नसलेला आकडा म्हणजे प्रोसेसरने अजून एकही कोड लिहिलेला नाही; मग प्रोसेसर, त्याचा वीजपुरवठा, क्लॉक किंवा बायोस चिप यांकडे वळायचं. बिंदूसह ०० किंवा एफएफ म्हणजे तो खरोखर लिहिला गेला. आयसावर रीसेट वर गेल्यावर सक्रिय असतो आणि पीसीआयवर खाली गेल्यावर, हे उलटवताना विसरू नका. रीसेटला वेगळा एलईडी ठेवा: तो वीज दिल्यावर क्षणभर पेटून विझायला हवा. पेटलेलाच राहिला तर बोर्ड रीसेटमध्ये अडकलाय, बऱ्याचदा पॉवर सप्लायचा पॉवर गुड सिग्नल न आल्यामुळे. तेव्हा कोडकडे पाहण्यात अर्थ नाही.

पीसीआय कार्ड असेल तर

आधी सोपं. कार्डाची चिप ३.३ व्होल्टची असेल आणि तुम्ही ते स्लॉटमधून घेत असाल तर थांबा: जुन्या बोर्डांच्या स्लॉटवर ३.३ व्होल्ट पोचवलेलेच नसतात. ५ व्होल्टवरून कार्डावरच छोट्या रेग्युलेटरने ३.३ तयार करा, आणि ५ व्होल्टचे सिग्नल सोसणारी चिप घ्या, उदाहरणार्थ एक्ससी९५७२एक्सएल.

कोड मध्येच थिजतो आणि संगणक मात्र पुढे जातो, हे लक्षण पीसीआयचंच. बरेच बायोस रिकाम्या स्लॉटचं क्लॉक बंद करतात. पोस्ट कार्ड कॉन्फिगरेशनच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, म्हणून बायोसच्या लेखी स्लॉट रिकामाच. सेटअपमध्ये 'ऑटो डिटेक्ट पीसीआय क्लॉक' असा काही पर्याय असेल तर तो बंद करा. कार्डावर बी९ आणि बी११ या हजेरीच्या पिनांपैकी किमान एक ग्राउंडला जोडा, आणि ए४ व बी४ एकमेकींना जोडा, म्हणजे बोर्डावर जेटॅगची (चिपा तपासण्याच्या जोडणीची) साखळी असेल तर ती तुटत नाही.

त्यानंतर चिपच्या आतलं लॉजिक. फ्रेम सिग्नल आधीच्या क्लॉकला वर आणि आताच्या क्लॉकला खाली, हाच पत्त्याचा क्षण. त्या एकाच क्षणी एडी लाइनींवर पत्ता आणि सीबीई लाइनींवर हुकूम असतो. आयओ लिहिण्याचा हुकूम ००११. पुढच्याच क्लॉकपासून त्याच सीबीई लाइनींचा अर्थ बदलतो, त्यामुळे हुकूम तिथल्या तिथे साठवला नाही तर कार्ड डेटालाच पत्ता समजतं आणि यादीत नसलेले कोड दाखवतं. मग आयआरडीवाय (डेटा देणारा तयार असल्याचा सिग्नल) खाली गेला की एडी० ते एडी७ पकडा. टीआरडीवायची (घेणारा तयार असल्याच्या सिग्नलची) वाट पाहायची गरज नाही, कारण लिहिताना डेटा देणारा तयार झाला की डेटा खराच असतो.

आमचा ठाम सल्ला: कार्ड फक्त ऐकणारं बनवा. डेव्हसेल किंवा टीआरडीवाय खाली ओढून व्यवहारावर हक्क सांगणारं कार्ड साउथ ब्रिजशी (पोर्ट ८० चं लेखन एरवी स्वीकारणाऱ्या बोर्डावरच्या चिपशी) भांडू शकतं, आणि मग चांगला बोर्डही तुमच्या कार्डामुळे अडकतो. ट्रॅकची लांबीही पाळा: ३२ बिटी सिग्नल ३८ मिलिमीटरच्या आत, क्लॉकचा ट्रॅक सुमारे ६४ मिलिमीटर, आणि प्रत्येक सिग्नलवर कार्डाची एकच पिन.

इतकं करूनही गप्प असेल तर दोष कार्डाचा नसूही शकतो. इंटेलच्या आयसीएच मालिकेतल्या चिपांत एक बिट असतो, जो पोर्ट ८० आणि त्याच्या सोबतच्या काही पोर्टांचं लेखन एलपीसीकडे (बोर्डावरच्या संथ उपकरणांसाठीच्या बसकडे) पाठवायचं की पीसीआयकडे ते ठरवतो. बायोसने एलपीसी निवडलं की पीसीआय स्लॉटवर कोड येतच नाहीत.

एलपीसी

एलपीसी बोर्डावरच्या टीपीएम (सुरक्षा चिप) जोडणीतून मिळते. इथे चुका दोनच, पण अगदी नेहमीच्या. पत्त्याचे चार तुकडे मोठ्याकडून लहानाकडे येतात: ०, ०, ८, ०. डेटाचे दोन तुकडे मात्र आधी खालचा, मग वरचा. हे लक्षात न ठेवल्यास डी५ चं ५डी होतं. दुसरी चूक सुरुवात ओळखण्यात: एलफ्रेम (सुरुवातीचा सिग्नल) सलग काही क्लॉक खाली राहू शकतो, आणि त्यातल्या शेवटच्या क्लॉकला एलएडी या चार डेटा लाइनींवर असलेली किंमतच खरी सुरुवात. ती ०००० असायला हवी, पुढचा तुकडा आयओ लिहिण्यासाठी ००१०. क्लॉक ३३ मेगाहर्ट्झ आहे, तेव्हा २४ मेगासॅम्पलचा ॲनालायझर इथे कामाचा नाही. किमान १०० घ्या. तारा १० सेंटिमीटरच्या आत.

अनेक नवीन बोर्डांच्या टीपीएम जोडणीवर एलपीसी नसून एसपीआय असते, आणि काहींत एलपीसीची जागा १.८ व्होल्टच्या ईएसपीआयने घेतली आहे. बोर्डाच्या पुस्तिकेत पिनांची यादी पाहिल्याशिवाय ३.३ व्होल्टचं कार्ड लावू नका. लॅपटॉपच्या मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉटचंही तसंच: काही निर्मात्यांनी न वापरलेल्या पिनांवर एलपीसी आणून ठेवलेली असते, बाकीच्यांनी नाही. एका लॅपटॉपवर चाललेलं कार्ड दुसऱ्यात डोळे झाकून घालू नका.

कुठे थांबायचं

स्वतः लिहिलेले दहाही आकडे चांगल्या संगणकावर बरोबर आले आणि बिंदू व रीसेटचा एलईडी नीट वागला, की कार्ड निर्दोष धरा. त्यानंतरही संशयित बोर्डवर कोड येत नसेल तर दोष बोर्डात आहे, आणि तो सगळा घरी सुटणारा नसतो.

पॉवर सप्लाय उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या प्राथमिक बाजूच्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर भार उरू शकतो. सप्लाय बदलून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर दुरुस्तीचं काम तंत्रज्ञाचं. बोर्डावर ५ किंवा १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट दिसला, एखादा भाग बोट ठेववणार नाही इतका तापला, किंवा जळका वास आला तर वीज पुन्हा देऊ नका. प्रोसेसर सॉकेटच्या वाकलेल्या पिना, बीजीए चिपखालचे (ज्यांचे सोल्डरचे गोळे पोटाखाली असतात) तुटलेले डाग, बायोस चिप सोल्डरमधून काढणं, यांना हॉट एअर, सूक्ष्मदर्शक आणि सराव लागतो. पहिला प्रयोग कामाच्या बोर्डावर करू नये. ज्या सर्व्हरमधल्या डेटाची दुसरी प्रत नाही, त्यात पोस्ट कार्डही घालू नका. आधी डेटा सुरक्षित करणाऱ्या माणसाला बोलवा.

बोर्ड तंत्रज्ञाकडे देताना सोबत एक चिठ्ठी द्या: शेवटचा कोड, त्याच्या आधीचे दोन-तीन कोड, बिंदू पेटला का, रीसेट एलईडी किती वेळ पेटला, आणि कार्डावर मोजलेले सगळे व्होल्टेज. कार्ड कोणत्या संगणकावर तपासून घेतलं तेही लिहा, म्हणजे त्याला तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही.